परीक्षेच्या दिवसांत मुलं आजारी का पडतात?

आम्ही मुंबईच्या डिलाईल रोडवरच्या बचत गटांतल्या बाया बोलतोय. माइकपुढे बसलेली एकच आहे, पण आज जे सांगणार आहोत ते दहा-बारा जणींनी बैठकीत बसून, विचारून, वाचून जमवलेलं आहे. म्हणून ‘मी’ नाही, ‘आम्ही’.

डिलाईल रोडचं कागदावरचं नाव ना. म. जोशी मार्ग. पण रिक्षा-टॅक्सीवाल्यापासून गावच्या मामापर्यंत सगळे डिलाईल रोडच म्हणतात. आमच्यातल्या बऱ्याच जणींचं मूळ गाव साताऱ्याकडचं, कोल्हापूरकडचं, नाहीतर कोकणातलं. आजेसासरे गिरणीत लागले, म्हणून आमचा संसार इथे मांडला गेला. तेव्हा आम्हाला मुंबईच्या म्हणून लांबच्या समजू नका. तुमच्या आणि आमच्या घरातला एक प्रश्न तर अगदी सारखा आहे, आणि तो दरवर्षी जानेवारी उजाडला की डोकं वर काढतो.

आमच्या मासिक बैठकीला फेब्रुवारीत हजेरी कमी होते. कारण विचारलं की उत्तरं ठरलेली. हिच्या मुलाला ताप आहे. तिच्या मुलीचं तोंड आलंय, पाणीसुद्धा गिळवत नाही. कुणाच्या पोराचं पोट बिघडलंय, कुणाची सर्दी तीन आठवडे झाले हटत नाही. आणि ही सगळी घरं दहावी-बारावीची. मग कुणी म्हणतं दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळा. कुणी म्हणतं काही नाही, अभ्यास टाळायची नाटकं आहेत, दोन रट्टे दिले की ताप उतरेल.

आम्ही ठरवलं, एकदा नीट समजून घेऊ. एका डॉक्टर बाईंना बैठकीला बोलावलं. गटातल्या शिकलेल्या मुलींनी वाचून काढलं. आणि कळलं ते असं, की हे नाटक नाही आणि दृष्टही नाही. परीक्षेची काळजी मनात असते हे खरं, पण ती मनातच राहत नाही. ती रक्तात उतरते.

कशी, ते सांगतो.

आपल्या दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. मेंदूला धोका जाणवला की तो या ग्रंथींना निरोप पाठवतो. मग तिथून काही रसायनं थेट रक्तात सुटतात. त्यांना संप्रेरकं म्हणतात, डॉक्टर हार्मोन म्हणतात. पहिलं असतं अ‍ॅड्रिनलिन. ते काही सेकंदांत काम करतं. छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, तोंडाला कोरड पडते. पेपर हातात पडायच्या आधी सारखं लघवीला जावंसं वाटतं ते याच धावपळीत. दुसरं असतं कॉर्टिसॉल. ते थोड्या मिनिटांनी येतं आणि जास्त वेळ टिकतं. ते रक्तातली साखर वाढवतं, म्हणजे पळायला, लढायला ताकद मिळावी. आणि त्याच वेळी शरीरातल्या बाकीच्या कामांना सांगतं, तुम्ही जरा थांबा, आत्ता घाई आहे.

हे थांबवलेलं काम कोणतं? जखम भरून काढणं, अन्न नीट पचवणं, आणि बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार ठेवणं. म्हणजेच आपली प्रतिकारशक्ती.

आता हे गटाच्या भाषेत बोलू. आपल्या गटात अडीनडीचं कर्ज असतं ना? कुणाचं बाळंतपण, कुणाचं दवाखान्याचं काम, तेव्हा पटकन पैसे काढून देतो. त्यात काही वाईट नाही, त्यासाठीच तर गट. पण एकीने दर आठवड्याला अडीनडीचं म्हणून पैसे उचलले आणि भरले नाहीत, तर तीन महिन्यांनी पेटी रिकामी. मग खरी अडचण आली की द्यायला काही नाही. कॉर्टिसॉल हे शरीराचं अडीनडीचं कर्ज आहे. पेपरच्या दिवशी दोन-तीन तास उचललं तर फायदाच होतो, लक्ष लागतं. २००४ साली दोघा संशोधकांनी आधीच्या सुमारे ३०० अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. त्यात हेच निघालं, की काही मिनिटांचा ताण प्रतिकारशक्तीला जागं करतो, पण तो दिवसेंदिवस लांबला की तिची वेगवेगळी कामं मंदावत जातात. आपल्या मुलांचा ताण दोन तासांचा नसतो. तो दिवाळीच्या सुट्टीत सुरू होतो आणि निकालापर्यंत चालतो.

कॉर्टिसॉल प्रतिकारशक्तीला दाबतं यावर कुणाचा विश्वास बसत नसेल, तर स्टिरॉइडची औषधं आठवा. दम्याला, सांध्यांच्या सुजेला डॉक्टर देतात. ती औषधं कॉर्टिसॉलच्याच कुटुंबातली. शरीराची लढाई अति झाली की ती शांत करायला देतात. आणि म्हणूनच डॉक्टर बजावतात, मनाने घेऊ नका, जंतुसंसर्ग होईल. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचा आजार आला होता. वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचे मोठे डोस, ही त्यामागची मोठी कारणं होती. मुलांच्या अंगात परीक्षेने तयार होणारं कॉर्टिसॉल औषधाच्या त्या डोसाइतकं नसतं, घाबरायचं कारण नाही. पण जात तीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, परीक्षेनेच असं होतं हे कुणी पाहिलं? पाहिलंय, आणि फार साध्या रीतीने पाहिलंय. अमेरिकेत ओहायो राज्याच्या विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि रोनाल्ड ग्लेसर हे नवरा-बायको होते. ती मानसशास्त्रज्ञ, तो विषाणू आणि प्रतिकारशक्तीचा अभ्यासक. त्यांनी डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांचं रक्त दोनदा तपासलं. एकदा परीक्षेच्या महिनाभर आधी आणि एकदा परीक्षेच्या पहिल्या दिवशी. १९८४ साली त्यांनी ७५ मुलांवरचा अभ्यास छापला. विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी असतात. परीक्षेच्या दिवशी त्यांचं काम मंदावलेलं निघालं. आणि आणखी एक गोष्ट निघाली, ती लक्षात ठेवा. जी मुलं स्वतःला एकटी समजत होती, त्यांच्यात या पेशींचं काम आणखी कमी होतं.

त्यांच्याच गटाने १९९८ साली दुसरा प्रयोग छापला. दाताचे डॉक्टर व्हायला निघालेली ११ मुलं. त्यांच्या टाळूला साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे मसूरडाळीच्या दाण्याएवढी जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. मुलं तीच, तोंड तेच, जखम तेवढीच. परीक्षेच्या वेळी जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे ४० टक्के जास्त वेळ. ११ जणांमध्ये एकाचीही जखम सुट्टीतल्याइतकी लवकर भरली नाही.

आपल्या पोरांचं तोंड येतं आणि दहा-दहा दिवस जात नाही, ते आता उगाच वाटतं का?

तिसरा प्रयोग लशीचा. लस आम्हाला जवळची, कारण हाफकिन संस्था आमच्या शेजारी परळलाच आहे. प्लेगची लस शोधणाऱ्या डॉक्टर हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली तिथे आली. लस म्हणजे शरीराला दिलेली जंतूची ओळख. ओळख पटली की शरीर त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवतं. १९९२ साली ओहायोच्याच त्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना परीक्षेच्या दिवसांत कावीळ ब ची लस दिली. पहिल्या इंजेक्शननंतर चौघांत एकाच्याच अंगात ती तयारी दिसली, आणि ही मुलं कमी ताण घेणारी होती. पुढे तिसऱ्या इंजेक्शनला, ज्यांच्या पाठीशी माणसं होती, त्यांच्या शरीराने जास्त जोरात उत्तर दिलं.

बघा, रक्ताच्या तपासणीत माणसांचा आधार दिसतो. आम्हाला बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

आता आमच्या घरांकडे या. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांपूर्वी इंग्रज सरकारने बांधल्या. इथे अशा ३२ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आता पुनर्विकास चालू आहे, पण आमची एक पिढी नाही, तीन-चार पिढ्या याच खोल्यांतून बोर्डाच्या परीक्षेला गेल्या. ज्यांच्या नावाने आमचा रस्ता आहे, त्या ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं चालवली. म्हणजे शिकायची हौस इथे जुनीच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या तशी ती हौस राहिली नाही, गरज झाली. घराला वर काढील तर पोराची मार्कशीट, दुसरं काही नाही, असं प्रत्येक आईबापाला वाटू लागलं. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही. आमच्याही आईबापांना तसंच वाटत होतं. पण हा सगळा भार पंधरा वर्षांच्या खांद्यावर येतो, हे मान्य करायला हवं.

सहा-सात माणसांच्या खोलीत मूल अभ्यास कधी करणार? टीव्ही बंद झाल्यावर, आजोबांचा खोकला थांबल्यावर. म्हणजे रात्री साडेअकराला. वरळीला सुदाम काळू अहिरे मार्ग आहे, त्याला सगळे अभ्यास गल्ली म्हणतात. घरात जागा नसलेली मुलं वर्षानुवर्षं तिथे रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकली आणि मोठ्या हुद्द्यांवर गेली. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण रात्री दोनला गल्लीतून घरी येणाऱ्या पोराला पहाटे पाचला नळाच्या आवाजाने जाग येते, तेव्हा झोप किती झाली? तीन तास.

तुमच्याकडे खोली मोठी असेल, अंगण असेल. पण दिवसा शेतातलं काम, गुरांचं बघणं, एसटीने तालुक्याला जाणं-येणं, संध्याकाळी लाईट गेलेली. मुलीला तर चूल आणि पाणीही. तिचंही पुस्तक रात्रीच उघडतं. झोपेचा हिशोब शेवटी तोच.

आणि झोप गेली की प्रतिकारशक्ती दुसऱ्या वाटेने घसरते. अमेरिकेतल्या शेल्डन कोहेन या संशोधकाने २००९ साली १५३ निरोगी माणसांचा अभ्यास छापला. आधी दोन आठवडे त्यांची झोप नोंदली, मग नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. विषाणू सगळ्यांच्या नाकात सारखाच गेला होता. फरक पडला तो झोपेने. दहावी-बारावीच्या वयाला तर आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी भरणं.

आता एक गोष्ट जरा हळू आवाजात, पण बोलायलाच हवी. मुलींची पाळी.

आमच्या एका बैठकीत एक ताई रडत आली. बारावीतल्या मुलीची पाळी दोन महिने आली नव्हती. घरात संशय सुरू झाला. मोबाइल काढून घेतला, क्लास बंद केला, आजीने नको ते प्रश्न विचारले. पोरगी परीक्षेच्या तोंडावर जेवायची बंद झाली. दवाखान्यात नेल्यावर कळलं, दुसरं काहीच नव्हतं. ताण, कमी झोप आणि धड जेवण नाही.

मैत्रिणींनो, पाळीचा निरोपसुद्धा मेंदूतूनच निघतो. मेंदूला वाटलं की आत्ता संकट आहे, तर तो तो निरोप रोखून धरतो. मग पाळी लांबते, कधी एखादा महिना चुकतेही. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षं ती तशीही मागेपुढे होते. म्हणून पाळी लांबली की आधी संशय नको, आधी विचारपूस. झोपतेस का, जेवतेस का, कशाची भीती वाटते? तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि पेपर आहे म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. ती हार्मोनचीच गोळी असते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. मुलगा नापास झाला तर पुन्हा बसतो. मुलीला मात्र आधीच ऐकवलेलं असतं, नापास झालीस तर उजवून टाकू. तिच्यासाठी तो पेपर मार्कांचा राहत नाही, पुढचं सगळं आयुष्य त्या तीन तासांवर टांगलेलं असतं. अशा मुलीच्या अंगात ते अडीनडीचं कर्ज रोज उचललं जातं. हे वाक्य घरात बोलायचं बंद केलं, तर तिच्या औषधाचा निम्मा खर्च वाचेल असं आम्ही गमतीने म्हणतो, पण मनापासून म्हणतो.

मग करायचं काय? आम्ही आमच्या गटांत जे ठरवलं ते सांगतो. पैसे लागत नाहीत.

पहिलं, झोप. परीक्षेच्या घरात रात्री दहाला टीव्ही बंद, सगळ्यांचा. मोबाइल आईच्या उशाशी. रात्रीच्या जागरणाला चहा करून द्यायचा नाही. चहा-कॉफीतला उत्तेजक अंश पाच-सहा तासांनीही निम्मा अंगात उरतो. त्यापेक्षा लवकर झोपवा, पहाटे उठवा.

दुसरं, पोट. महागडी टॉनिकं, बुद्धी वाढवायच्या गोळ्या घेऊ नका. भाकरी, उसळ, पालेभाजी, अंडं परवडत असेल तर अंडं, शेंगदाणा-गुळाचा लाडू, लिंबू. परीक्षेला जाताना उपाशी नाही पाठवायचं. परीक्षेसाठी म्हणून मुलींचे नवस-उपास नकोत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींमागे ५९ जणींचं रक्त कमी निघालं. सगळी मरगळ ताणाची नसते. रक्त तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या फेकू देऊ नका.

तिसरं, काम वाटून घ्या. दोन महिने मुलीचं पाणी, भांडी भावाने आणि बापाने करावीत. आमच्याकडे दोन घरांत होतंय. दोनच, पण होतंय.

चौथं, अंग हलवा. अर्धा तास चालणं, दोरीवरच्या उड्या, मैदानात खेळणं. खेळ म्हणजे वेळ फुकट नाही. त्याने झोप चांगली लागते, मन हलकं होतं.

पाचवं, आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, मूल एकटं पडू देऊ नका. त्या १९८४ च्या अभ्यासातली एकटी मुलं आठवा. रोज दहा मिनिटं बसा, मार्कांचा विषय न काढता. शेजारच्या पोराचे नव्वद टक्के घरात आणू नका. आम्ही चाळीत एक खोली संध्याकाळी सहा ते नऊ अभ्यासाला मोकळी ठेवतो. गटातली एक बाई पाळीपाळीने तिथे निवडणं-टिपणं घेऊन बसते. शिकवत नाही, नुसती बसते. तुमच्या गावात समाजमंदिर असेल, अंगणवाडीची खोली असेल, गटाने सरपंचांकडे मागा.

आणि मुलांना हेही सांगा, की दहावी नापास झालं तरी वर्ष बुडत नाही. २०१५ पासून निकालानंतर लगेच जुलैत फेरपरीक्षा घ्यायला सुरुवात झाली. वाट बंद होत नाही हे कळलं की निम्मा धसका कमी होतो.

पण काही खुणा दिसल्या तर घरगुती उपायांवर थांबू नका. ताप तीन दिवसांवर गेला, वजन झपाट्याने उतरलं, मूल दोन आठवडे कुणाशी बोलत नाही, रात्र-रात्र जागं आहे, ‘मी नसलेलं बरं’ असं काही बोललं, तर त्याच दिवशी हालचाल करा. त्या बोलण्याला नाटक म्हणू नका. मूल एकटं ठेवू नका. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्री चालतो, आपल्या भाषेत बोलता येतं. आईनेही करावा. नंबर पुन्हा सांगतो, चुलीच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा: एक, चार, चार, एक, सहा.

शेवटी एवढंच. आपण गटात एकमेकींना जामीन राहतो. बँक विचारते, हिने नाही फेडलं तर कोण? आपण हात वर करतो, आम्ही आहोत. मुलांना परीक्षेच्या दिवसांत तोच हात दिसायला हवा. या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. आपल्या गटात दहावी-बारावीची घरं किती ते मोजा, आणि कुणाची पोरं संध्याकाळी कुठे बसणार ते ठरवूनच उठा.

तुमच्या गटाने काय ठरवलं ते वाहिनीला जरूर कळवा. सगळ्या मुलांना परीक्षेच्या शुभेच्छा, आणि त्यांच्या आयांनाही.

नमस्कार.